ओमानच्या तेलावर घर उभं केलेल्या मराठी माणसांना खुलं पत्र

प्रति,
ओमानच्या तेल-वायू क्षेत्रात राबणारे माझे सगळे मराठी सहकारी: इंजिनिअर, ऑपरेटर, फिटर, वेल्डर, रिगर, कॅम्पातले आचारी, आणि तुमच्या पैशांची महिनाअखेरीला वाट पाहणारी गावाकडची घरची माणसं.

सप्रेम नमस्कार.

१९९९ ते २०२३ अशी चोवीस वर्षं मी ओमानमध्ये काढली. त्यातली सतरा वर्षं दक्षिणेकडच्या वाळवंटात, जड तेलाच्या विहिरींवर, वाफेच्या कामावर. आता कायमचा चिपळूणला आलो आहे. ज्या ओट्यावर बसून हे लिहितोय तो ओटाही त्याच तेलाच्या पैशांतून बांधलेला आहे. त्यामुळे तेलाला शिव्या देणारं पत्र माझ्याकडून येणार नाही. माझ्या आईचं ऑपरेशन, धाकट्या बहिणीचं लग्न, दोन्ही मुलांची शिक्षणं या तेलानं केली. हे ऋण मी मानतो आणि मानूनच पुढचं लिहितो.

हे पत्र ओमान सरकारला लिहिलेलं नाही. त्यांना जे समजायला हवं ते त्यांना आपल्या आधी समजलेलं आहे. समजून न समजल्यासारखं आपण वागतोय, म्हणून तुम्हाला लिहितोय.

घरच्यांना कळावं म्हणून आधी आपलं काम काय असतं ते सांगतो. तेल म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कारंजं येतं. आमच्या भागातलं तेल थंडीत गोठलेल्या काकवीसारखं. ते आपणहून वर येत नाही, पंप लावला तरी नीट येत नाही. मग जमिनीत वाफ सोडायची, दगडाच्या पोटातलं तेल तापवून पातळ करायचं आणि मग ओढायचं. वाफेसाठी पाणी लागतं, पाणी तापवायला गॅस लागतो. एक इंधन बाहेर काढण्यासाठी दुसरं इंधन रात्रंदिवस जाळायचं, हे माझं सतरा वर्षांचं काम. रात्रपाळीला वाफेच्या पाइपांचा सूं-सूं आवाज इतका अंगवळणी पडला होता, की सुट्टीवर गावी आलो की पहिले दोन दिवस शांततेनं झोप लागायची नाही.

ओमानचं तेल कधीच सोपं नव्हतं. फहुदला १९५६ साली पहिली विहीर खणायला घेतली ती कोरडी निघाली. खरं तेल तिथून काहीशे मीटरवरच होतं. कंटाळून बहुतेक भागीदार कंपन्या निघून गेल्या. जे थांबले त्यांना १९६२ मध्ये यिबलला तेल लागलं, १९६४ मध्ये त्याच फहुदला लागलं, आणि २७ जुलै १९६७ रोजी मस्कतजवळच्या मीना अल फहल बंदरातून तेलाची पहिली बोट परदेशी रवाना झाली. त्या काळात ओमानात आपल्या रिझर्व्ह बँकेनं काढलेला आखाती रुपया चालायचा, १९७० पर्यंत चालला. आजही रियालच्या खुर्द्याला तिथे बैसा म्हणतात, तो आपलाच पैसा. आपलं नातं तेलाच्याही आधीचं आहे, हे मला नेहमी आधाराचं वाटत आलंय, कारण तेलानंतरही ते उरेल.

मी गेलो तेव्हा देशाचं उत्पादन शिखराला पोचत होतं, दिवसाला साडेनऊ लाख पिंपांच्या आसपास. आणि मग ते डोळ्यांदेखत घसरलं. २००७ पर्यंत सव्वासात लाखांच्याही खाली आलं. जुने ऑपरेटर तेव्हा हळू आवाजात बोलायचे. पुढे ते पुन्हा दहा लाखांच्या घरात गेलं, पण कशाच्या बळावर? मुखैझना, कर्न आलम, अमल या तेलक्षेत्रांत वाफ. मरमूलला पाण्यात पॉलिमर, म्हणजे पाणी दाट करणारं रसायन. हरवीलला उच्च दाबानं गॅस. म्हणजे प्रत्येक वाढीव पिंपामागे जास्त गॅस, जास्त रसायन, जास्त माणसं, जास्त खर्च. निमरला गेलेल्यांना आठवत असेल, तिथे तेलाच्या एका पिंपाबरोबर जवळपास दहा पिंपं पाणी वर येतं. ते खारं, तेलकट पाणी स्वच्छ करायला वाळवंटात बोरूची भलीमोठी बेटं लावली आहेत आणि त्यात स्थलांतर करणारे पक्षी उतरतात. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा गाडीतून उतरून बराच वेळ नुसता उभा राहिलो. सुंदर आहेच ते. पण दुसऱ्यांदा गेलो तेव्हा मनात हिशेब सुरू झाला, की ही एवढी हिरवळ दिसतेय याचा अर्थ विहिरींत तेल किती थोडं आणि पाणी किती उरलंय.

हा हिशेब तुम्हा सगळ्यांना येतो. कंट्रोल रूममधल्या पडद्यावर रोज सकाळी पाण्याचं प्रमाण दिसतं. तरी सुट्टीत गावी आलो की पारावर आपण काय सांगतो? "शंभर वर्षं पुरेल एवढं आहे तिकडे." मीसुद्धा सांगितलंय. माझ्या चुलतभावानं माझ्या शब्दावर कर्ज काढून मुलाला तिकडच्या नोकरीसाठी तयार केलं.

यावर तुमचं उत्तर मला माहीत आहे. भारत आपल्या गरजेचं जवळपास ८८ टक्के कच्चं तेल बाहेरून आणतो, मग गिऱ्हाईक कुठे जातंय? गिऱ्हाईक इतक्यात जाणार नाही, हे मलाही मान्य आहे. पण आपली नोकरी जायला तेल संपावं लागत नाही, भाव पडला की पुरतं. २०१४ च्या मध्यात शंभर डॉलरच्या वर असलेलं पिंप जानेवारी २०१६ मध्ये तिशीच्या खाली आलं. सरकारच्या उत्पन्नातला सत्तर टक्क्यांच्या आसपास वाटा तेल-वायूचा, मग हातावर हात ठेवून कोण बसेल? आधी नवी कामं थांबतात, मग मुख्य कंपनी ठेकेदाराचे दर कापते, ठेकेदार उपठेकेदाराचे कापतो, आणि शेवटी ते सगळं ज्याच्या अंगावर येतं तो गुहागर, संगमेश्वर, चंदगड, आष्टी अशा कुठल्या तरी तालुक्यातला हेल्पर असतो. विजेवरच्या गाड्या आणि सौर वीज जगात जसजशा वाढतील तसतसे हे भावाचे हेलकावे वाढतील. जड, महागडं तेल काढणाऱ्याला ते सगळ्यात आधी बसतील. आपण नेमके तिथेच उभे आहोत.

२०२० चा एप्रिल आठवा. करोना, टाळेबंदी आणि तेलाचा भाव मातीमोल. त्या वर्षी लाखांच्या संख्येनं परदेशी कामगारांनी ओमान सोडलं. आमच्या कॅम्पात एका ठेकेदाराकडे परांची बांधणारा गुहागर तालुक्यातला एक मुलगा होता. नाव लिहीत नाही. अकरा वर्षं तिथे होता, हातात जादू होती. त्यानं बांधलेल्या परांचीवर चढताना आम्ही कधी खाली पाहिलं नाही. त्याला एका संध्याकाळी एक कागद दिला, अरबी आणि इंग्रजीत. सगळा हिशेब चुकता झाला, आता काही येणं नाही, असं त्यात होतं. प्रत्यक्षात दोन महिन्यांचा पगार आणि ग्रॅच्युइटीचा मोठा भाग बाकी होता. तो कागद घेऊन तो माझ्या खोलीच्या दाराशी आला आणि म्हणाला, "भाऊ, सही करू का?" मला कागद वाचता येत होता. माझं स्वतःचं काँट्रॅक्ट जूनमध्ये नव्यानं व्हायचं होतं. मी म्हटलं, "विमान मिळतंय तर जा बाबा आधी घरी." त्यानं सही केली. तो गेला.

हे मी आजवर घरात बायकोशिवाय कुणाला सांगितलं नव्हतं. हे पत्र लिहायला घेतलं त्याचं कारण ते आहे.

ऊर्जेचं संक्रमण, म्हणजे तेल-कोळसा सोडून सूर्य-वाऱ्याकडे वळणं, हा शब्द आता सगळीकडे ऐकू येतो. तो परिषदांत बोलला जातो तेव्हा त्यात गिगावॅट असतात, तारखा असतात. आपल्याकडे तो येतो तेव्हा संध्याकाळी हातात दिलेला कागद होऊन येतो. ओमाननं २०२२ मध्ये जाहीर केलं, की २०५० पर्यंत नेट झीरो गाठायचं, म्हणजे जेवढा कार्बन हवेत सोडू तेवढाच परत शोषून घ्यायचा. २०३० पर्यंत तीस टक्के वीज सूर्य-वाऱ्यापासून करायची. इब्रीजवळ ५०० मेगावॅटचा सौर प्रकल्प चालू झाला, मनाहला तेवढेच आणखी दोन झाले, धोफारात पवनचक्क्या फिरू लागल्या. ज्या देशाची जवळजवळ सगळी वीज गॅसवर होती त्याच्यासाठी हे छोटं पाऊल नाही. कराचंही पाहा. २०२१ मध्ये पाच टक्के व्हॅट आला, आणि जानेवारी २०२८ पासून वर्षाला ४२,००० रियालच्या वरच्या मिळकतीवर आयकर लागणार आहे. आखाती सहकार्य परिषदेच्या देशांत माणसांच्या मिळकतीवर आयकर आणणारा ओमान पहिलाच. तेलावर कायम भागेल असं वाटणारा देश आयकर लावत नाही.

आणि एक गोष्ट आपल्या बैठकांत फार कडवटपणे बोलली जाते, ती ओमानीकरणाची, म्हणजे परदेशी माणसांच्या जागी ओमानी माणसं घेण्याची. मे २०२१ मध्ये सोहारला तरुण मुलं नोकऱ्यांसाठी रस्त्यावर उतरली होती. ती त्यांच्याच देशात कामाविना बसली आहेत. आपल्या कोकणात कारखाना आला आणि गेटावर बाहेरचीच माणसं दिसली तर आपण काय म्हणतो ते आठवा. मी शेवटची सहा वर्षं एका ओमानी मुलाला हाताखाली तयार केलं. अनेकांनी मला बजावलं, सगळं शिकवू नकोस, तुझीच खुर्ची जाईल. मी सगळं शिकवलं. वाफेचा दाब कानानं कसा ओळखायचा तेही शिकवलं. खुर्ची जायची तेव्हा गेली, पण तो मुलगा आजही ईदला फोन करतो.

त्याच मुलाची एक आठवण. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा माझ्या घराचा तळमजला बुडाला. मी तिकडे, बायको-मुलं वरच्या मजल्यावर, फोन बंद. पुढचा दीड दिवस मी कसा काढला ते मलाच माहीत. पाणी उतरल्यावर बायकोनं भिंतीचा फोटो पाठवला: छतापासून हातभर खाली चिखलाची सरळ रेघ. त्यानंतर अडीच महिन्यांत, ३ ऑक्टोबरला, शाहीन वादळ ओमानच्या बातिना किनाऱ्यावर धडकलं. खाबुरा, सुवैक पाण्याखाली गेलं. त्या पोराचं घर खाबुऱ्याला. तो कामावर परतला तेव्हा जेवणाच्या टेबलावर त्यानं आपला फोन माझ्यापुढे सरकवला. त्याच्या घराची भिंत, तशीच रेघ. मी माझा फोन त्याच्या शेजारी ठेवला. दोघंही काही बोललो नाही. बाहेर आमच्या वाफेच्या भट्ट्या गॅस जाळत होत्या.

एका पुराचं किंवा एका वादळाचं कारण एकाच गोष्टीवर ढकलता येत नाही, हे मला कळतं. पण तापलेला समुद्र जास्त वाफ वर पाठवतो, हे मला कुणी वेगळं शिकवायला नको. वाफ हाच माझा धंदा. जून २०१८ मध्ये मस्कतजवळच्या कुरयातला एक दिवस असा गेला, की चोवीस तासांत पारा ४२.६ अंशांच्या खाली आलाच नाही. मध्यरात्री, पहाटे, कधीच नाही. उन्हाळ्यात दुपारी साडेबारा ते साडेतीन बाहेरचं काम बंद ठेवण्याचा नियम आहे, पण असल्या रात्रीसाठी कुठला नियम करणार?

आता मिराहबद्दल लिहितो, कारण ते पाहिल्यानंतर माझे विचार बदलले. अमलच्या तेलक्षेत्राशेजारी काचेची मोठमोठी घरं उभी केली होती, आपल्याकडे जरबेरासाठी करतात तशी, पण कितीतरी पटींनी मोठी. आत फुलांऐवजी वळणदार पातळ आरसे तारांवर टांगलेले. अरबीत मिराह म्हणजे आरसा. आरसे ऊन गोळा करून एका पाइपावर पाडायचे, पाइपातल्या पाण्याची वाफ व्हायची आणि ती थेट आमच्याच वाफेच्या लाइनमध्ये यायची. काच कशाला, तर धूळ आणि शमालचा वारा अडवायला. रात्री छतावरून यंत्र फिरून काच धुऊन काढायचं. २०१७ मध्ये तिथे पहिली वाफ झाली. मी व्हॉल्व्हवर हातमोजा घातलेला हात ठेवला तेव्हा जाणवलं, की ही वाफ आणि गॅसची वाफ यांत माझ्या हाताला काहीच फरक कळत नाही. जे काम मी वर्षानुवर्षं गॅस जाळून केलं, ते काम आरसा करत होता.

आणि तरी २०२० मध्ये ते आरसे बनवणारी कंपनी बंद पडली. तेलाचा भाव कोसळला आणि पैसा घालणाऱ्यांनी हात आखडता घेतला. सूर्य रोज उगवत होता, पण त्याला तेलाच्या दावणीला बांधलेलं होतं, म्हणून तेलाबरोबर तोही पडला. मला यातून एवढं समजलं, की तेल काढायला मदत म्हणून सूर्य वापरणं पुरेसं नाही. त्याचा पैसा, त्याचं गिऱ्हाईक, त्याची माणसं वेगळी उभी राहायला हवीत.

सूर्य-वाऱ्याच्या विजेनं पाण्यातून हायड्रोजन काढून तो इंधन म्हणून विकायचा, असा ओमानचा पुढचा बेत आहे. या हायड्रोजनवर माझा अजून पूर्ण भरवसा बसलेला नाही. दुक्म आणि धोफारमध्ये त्यासाठी जमिनी दिल्या आहेत, २०२२ मध्ये सरकारनं हायड्रोम ही कंपनीही काढली. पण एक किलो हायड्रोजनला पन्नास युनिटांच्या वर वीज लागते, समुद्राचं पाणी गोडं करून घ्यावं लागतं, आणि एवढ्या किमतीला घेणारा आधी बांधून ठेवावा लागतो. होईलही. पण "तेल गेलं की हायड्रोजनमध्ये सामावून घेतील" या आशेवर कुणी घराचे हप्ते सुरू करू नका. सौर प्रकल्प उभारताना माणसं खूप लागतात, चालवायला मोजकीच. ही गोष्ट कुठल्याही भाषणात सांगितली जात नाही, म्हणून मी सांगतोय.

तर मग मागणं काय? तुमच्यापैकी जे वरच्या जागांवर आहेत त्यांच्याकडे माझं पहिलं मागणं. आपण गणपतीला जमतो, दिवाळी पहाटेला जमतो, कोजागरीला जमतो. यंदा एक संध्याकाळ यावर बसा. ज्याच्या विभागात काम कमी होतंय त्यानं ते उघड बोलावं. कोणाचं काँट्रॅक्ट कधी संपतंय, कोणाला काय येतं, कोणाला उच्च दाबाच्या विजेचं, इन्व्हर्टरचं, बॅटरीचं काम शिकता येईल, याची वही करा. आपल्या मंडळात हेल्पर आणि रिगर फारसे येत नाहीत, कारण आपण त्यांना बोलावत नाही. त्यांना बोलवा. गंज कसा ओळखायचा, दाब कसा सांभाळायचा, परमिटशिवाय कशाला हात लावायचा नाही, ही जी शिस्त वाळवंटानं आपल्याला लावली ती कुठल्याही नव्या कामाला लागते. पण ती असल्याचा कागद नसतो आपल्या पोरांकडे. तो कागद मिळवून द्यायचं काम इंजिनिअर मंडळींनी करावं, अनुभवाचं सविस्तर पत्र तरी लिहून द्यावं.

आणि हक्क माहीत करून द्यावेत. २०२१ पासून काँट्रॅक्ट संपल्यावर नोकरी बदलताना जुन्या मालकाच्या एनओसीची अट गेली. २०२३ च्या कामगार कायद्यानं नोकरीच्या प्रत्येक वर्षामागे एका महिन्याच्या मूळ पगाराएवढी ग्रॅच्युइटी ठरवली. दूतावासाचं खुलं सत्र भरतं, तिथे तक्रार मांडता येते. माझ्या ओळखीच्या दहातल्या आठ मुलांना यातलं काही माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं ते माझ्यासारखे गप्प होते.

घरच्या माणसांनो, तुम्हालाही विनंती आहे. तिकडून आलेल्या पैशांतून दुसरा मजला चढवण्याआधी विचारा, तुझं काम अजून किती वर्षांचं आहे? पोरगा चिडेल, तरी विचारा. आखाती पैशांवर वाढलेल्या आपल्या गावांत बंद दारांची मोठी घरं किती आहेत ते तुम्हीच मोजता.

मी सध्या काय करतो असं काहींनी विचारलं होतं. लोट्याच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांत बॉयलरवर काम करणारी चार मुलं रविवारी माझ्याकडे येतात. वाफेचा ट्रॅप, म्हणजे वाफ अडवून फक्त पाणी बाहेर सोडणारी झडप, गळतोय हे कसं ओळखायचं, उघड्या पाइपावरून किती इंधन वाया जातं, लॅगिंग, म्हणजे पाइपावरचं उष्णता धरून ठेवणारं वेष्टण, कुठे ओलं झालंय, ते मी त्यांना दाखवतो. एका मुलानं परवा सांगितलं, की त्यानं शोधलेले तीन ट्रॅप बदलल्यावर त्याच्या बॉयलरला कोळसा कमी लागतोय. ओमानात मी जेवढी वाफ केली तिच्यापुढे हे काहीच नाही. पण ही वाफ वाचवलेली आहे.

परांची बांधणाऱ्या त्या मुलाला मी गेल्या वर्षी शोधून काढलं. तो आता वेळणेश्वरच्या बाजूला बांधकामावर जातो. त्याचा कागद त्यानं अजून जपून ठेवलाय, प्लास्टिकच्या पिशवीत. आम्ही दोघांनी बसून त्याच्या येण्याचा हिशेब पुन्हा मांडला आणि अर्ज केला. इतक्या उशिरा काही हाती लागेल अशी खात्री मी त्याला दिलेली नाही.

तुमच्यापैकी कुणाच्या हातात असा कागद आला, तर सही करण्याआधी त्याचा फोटो मला पाठवा. मंडळाच्या ग्रुपवर माझा नंबर आहे. रात्री कितीही वाजता पाठवा, मी वाचून सांगेन.

तुमचाच,
वाफेच्या लाइनवरचा एक जुना ऑपरेटर
चिपळूण